केस सुटायच्या आधीच बदली झाली, मग त्या पोलिस ऑफिसरने ७१९ खुनांची कादंबरी लिहिली

सुरतेहून नागपूरकडे जाणारा हायवे नवापूर, साक्री, धुळे करत पुढे जातो. रात्री बारा वाजता जरी साक्रीच्या अलीकडे ढाब्यावर थांबलात तरी घरच्यांना मोबाईलवर लोकेशन दिसत असतं. दोनशे वर्षांपूर्वी याच खान्देशातून निघालेला माणूस घरच्यांच्या दृष्टीने थेट गायब व्हायचा. पोचल्याचं पत्र आलं तर आलं. नाही आलं, तर वाघाने खाल्लं असेल, पटकीत गेला असेल, नाहीतर कुठल्या तरी फौजेत भरती झाला असेल, असं म्हणून घरचे गप्प बसायचे.

त्या काळात मुंबईच्या सावकारांचा पैसा माळव्यातल्या अफूच्या खरेदीसाठी इंदूरकडे जायचा आणि त्याची वाट खान्देशातून होती. नेणारे लोक गरिबासारखे कपडे घालून, पैसा अंगावर लपवून चालत जायचे. त्यातले काही जण इंदूरला पोचलेच नाहीत. प्रेतं सापडायची नाहीत, मारामारीची खूण नाही, साक्षीदार नाही. कंपनी सरकारने १८१८ मध्ये खान्देश घेतला, भिल्लांच्या बंदोबस्तासाठी पुढे भिल्ल पलटण उभारली, पण रस्त्यावर माणसं गिळणारं हे प्रकरण काय आहे हे बरीच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

या कोड्याच्या अगदी जवळ पोचलेला एक पोरगेला पोलिस ऑफिसर होता. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

कोडं सोडवायचा मान त्याला मिळाला नाही. पण त्यावर त्याने जी कादंबरी लिहिली ती १८३९ साली लंडनमध्ये आली. एडगर अ‍ॅलन पो याची पहिली डिटेक्टिव्ह कथा आली १८४१ मध्ये. विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ १८६८ ची आणि शेरलॉक होम्स तर १८८७ चा. म्हणजे रहस्यकथा नावाचं दुकान उघडायच्या आधीच टेलरचा माल बाजारात आला होता आणि तो सगळा आपल्याकडच्या रस्त्यांवरचा होता.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील व्यापारी, पण धंदा बसलेला. पोराला लहान वयातच ऑफिसात कारकुनी करावी लागली. मग घरच्यांना एक संधी दिसली. मुंबईत बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे काम, पुढे भागीदारी, थोडक्यात पोराचं कल्याण. १८२४ च्या सप्टेंबरात पंधरा वर्षांचा टेलर मुंबईत उतरला आणि बघतो तर बॅक्स्टरसाहेबाचीच पत बुडालेली. भागीदारी सोडा, पगाराचीही खात्री नव्हती.

नशिबाने मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका नातेवाइकाने शब्द टाकला आणि टेलरला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत नोकरी मिळाली. तो औरंगाबादला रुजू झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कंपनीची नोकरी आणि निजामाची नोकरी यात फरक होता. कंपनीतल्या साहेबाला पगार, पेन्शन, बढती, सगळं ठरलेलं. निजामाच्या नोकरीतला गोरा ऑफिसर दुय्यम समजला जायचा. टेलरला आयुष्यभर हा शिक्का पुसता आला नाही. पण त्याच्या लेखणीला याचा फायदाच झाला. बाकीचे साहेब क्लबात बसायचे तेव्हा हा हिंदुस्तानी, फारसी, मराठी शिकत होता आणि दुभाष्याशिवाय लोकांशी बोलत होता.

भाषा येते म्हणून विशी ओलांडायच्या आतच त्याला निजामाच्या मुलखातल्या नैऋत्य भागात पोलिसांचा असिस्टंट सुपरिंटेंडंट केलं. हद्द मोठी, माणसं थोडी. दरोडेखोर पकडणं, जमिनीच्या भांडणात निवाडा देणं, बाजारातल्या खोट्या मापांचा बंदोबस्त, सगळं त्याच्याच गळ्यात.

याच काळात त्याच्या कानावर विचित्र गोष्टी येऊ लागल्या. कुठे रस्त्याकडेला प्रेत निघालं, कुठे वाटसरूंची टोळी अर्ध्या वाटेत नाहीशी झाली. त्याच वेळी काही व्यापाऱ्यांचे तांडे हद्दीतून ये-जा करत होते. माणसं सभ्य, बोलणं गोड, माल चोख. पण ते येतात कुठून आणि जातात कुठे हे धड कुणी सांगू शकत नव्हतं. टेलरला संशय आला. त्याने माणसं मागावर सोडली, चौकशी सुरू केली.

आणि ऐन वेळी बदली झाली.

त्याचं कारणही राजकीय. १८२९ मध्ये निजाम सिकंदर जाह वारला. गादीवर आलेल्या नासिर-उद-दौलाने मागणी केली की मुलकी कारभारात घुसवलेले गोरे ऑफिसर काढून घ्या. कंपनीने ती मान्य केली. टेलर पलटणीत परत आणि अर्धवट तपास वाऱ्यावर. आपल्याकडे आजही एखादी केस रंगात आली की बदलीची ऑर्डर येते म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढचं श्रेय गेलं जबलपूर-सागरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमनला. १८३० च्या शेवटी त्याच्या हाती फिरंगिया नावाचा ठगांचा म्होरक्या लागला. जीव वाचवण्यासाठी फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला आणि त्याने स्लीमनच्या तंबूजवळच्याच आमराईत कुठे खणायचं ते दाखवलं. खणल्यावर खरंच सांगाडे निघाले. मग एकामागून एक माफीचे साक्षीदार उभे राहिले आणि पद्धत उघड झाली.

पद्धत साधी होती, म्हणूनच ती कुणाला दिसली नाही. ठग म्हणजे अंधारात उडी मारणारे लुटारू नव्हेत. ते प्रवासी बनून यायचे. रस्त्यात ओळख काढायची, एकत्र चाललं तर चोरांची भीती नाही असं पटवायचं, दोन-चार दिवस सोबत जेवायचं, गाणी म्हणायची. जागा आधीच हेरलेली, खड्डे आधीच खणलेले. म्होरक्याने तंबाखू आणायला सांगितलं की प्रत्येक सावजाच्या गळ्याभोवती एकाच क्षणी रुमाल आवळला जायचा. रक्त नाही, आरडाओरडा नाही. तासाभरात जमीन सपाट आणि तिच्यावर चूल पेटलेली. दख्खनेत यांना फाशीगार म्हणत. आपसात बोलायला त्यांचे स्वतःचे सांकेतिक शब्द होते. स्लीमनने त्या शब्दांचा कोशच १८३६ मध्ये छापला.

सागरकडून काही माफीचे साक्षीदार निजामाच्या मुलखात पाठवले गेले, साथीदारांना ओळखून पकडून द्यायला. तिथे टेलरची त्यांच्याशी गाठ पडली. आपण ज्या हद्दीत फिरत होतो, जिथे तंबू टाकून झोपत होतो, तिथेच हे सगळं चाललं होतं हे त्याला मारेकऱ्यांच्याच तोंडून कळलं. संधी हुकल्याची सल त्याला शेवटपर्यंत राहिली. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही तो सांगतो की आणखी थोडे दिवस तिथे मिळाले असते तर ठगांचा छडा पहिल्यांदा आपणच लावला असता.

आजारपणामुळे टेलर रजा घेऊन इंग्लंडला गेला आणि १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ तीन भागांत प्रसिद्ध झाली. मराठीत म्हणायचं तर एका ठगाचा कबुलीजबाब. यात अमीर अली नावाचा कैदी एका साहेबाला आपली कहाणी सांगतो. प्रस्तावनेत टेलर लिहितो की हा माणूस आपल्याला १८३२ मध्ये प्रत्यक्ष भेटला होता, कहाणी बहुतेक सगळी खरी आहे आणि कल्पनेचं काम फक्त प्रसंग जोडण्यापुरतं. या माणसाच्या नावावर ७१९ खून होते. त्याला खंत एवढीच की मधली बारा वर्षं तुरुंगात गेली, नाहीतर आकडा हजारावर गेला असता.

कादंबरीचं कथानक सांगायचं तर पुढे स्पॉयलर आहे. पण पुस्तक पावणेदोनशे वर्षांहून जुनं आहे, एवढं चालायला हरकत नसावी.

लहानग्या अमीर अलीच्या आईबापाला प्रवासात ठग मारतात. टोळीतल्या इस्माईलला पोराची दया येते आणि तो त्याला मुलासारखा वाढवतो. पोरगा मोठा होऊन बापापेक्षा सवाई ठग बनतो. मध्ये तो चितू पेंढाऱ्याच्या फौजेतही जातो. हा चितू इतिहासातला खराखुरा पेंढारी सरदार. शेवटाकडे अमीर अलीला कळतं की ज्याला आपण बाप म्हणत आलो त्यानेच आपल्या खऱ्या बापाला मारलं. आणि रस्त्यात मारलेल्या बायकांपैकी एक आपली सख्खी बहीण होती, हे तो तिच्या गळ्यातल्या ताईतासारख्या नाण्यावरून ओळखतो.

ही रचना त्या काळात नवीन होती. खून कुणी केला हे पहिल्या पानापासून माहीत आहे, तरी वाचक पुस्तक खाली ठेवत नाही. कारण सांगणारा खुनीच आहे आणि तो बोलायला फार गोड आहे. ठग जसा वाटसरूला बोलण्यात गुंगवतो, तसाच अमीर अली वाचकाला गुंगवतो. समोर बसलेला साहेब अधूनमधून शहारतो, पण पुढे काय झालं हे विचारतोच. पन्नास-शंभर वर्षांनी गुन्हेगाराच्या तोंडून सांगितलेल्या कादंबऱ्यांची रांग लागली, तिची एक सुरुवात इथे सापडते.

पुस्तक तुफान चाललं. राणी व्हिक्टोरिया नुकतीच गादीवर आलेली, जेमतेम विशीची. तिला इतकी उत्सुकता की छापखान्यातून निघणारी पानं बांधणीआधीच तिच्याकडे पाठवावी लागली. १८४० च्या दशकात फ्रेंच लेखक यूजीन स्यू याने आपल्या गाजलेल्या कादंबरीत फिरंगिया नावाचा ठगच आणून ठेवला. तेव्हापासून परदेशी रहस्यकथेत गूढ, रुमालवाला हिंदुस्थानी मारेकरी हे पात्र येतच राहिलं. २०१८ मध्ये आमिर खानचा ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ यायच्या आधी तो टेलरच्याच पुस्तकावर असल्याची चर्चा होती. पिक्चर बघून आलेल्यांना त्यात पुस्तक काही सापडलं नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. टेलरची सगळी माहिती माफीच्या साक्षीदारांकडून आलेली. हे लोक फाशीच्या दोरापासून सुटण्यासाठी बोलत होते. जितका मोठा कट, जितकी जास्त नावं, तितका जीव सुरक्षित. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येऊ लागली, अमुक एक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. कादंबरीच्या प्रस्तावनेतच टेलर आकडे देतो. १८३१ ते १८३७ या काळात ४१२ जणांना फाशी, हजारावर लोकांना समुद्रापार हद्दपारी. यात निरपराध किती असतील, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

रस्त्यावर खून होत होते, प्रेतं निघत होती, यात खोटं काही नाही. वाद आहे तो हे सगळे देशभर पसरलेल्या, पिढीजात, देवीच्या नावाने खून करणाऱ्या एकाच पंथाचे होते का यावर. अनेक इतिहासकार म्हणतात की लढाया संपल्यावर बेकार झालेले शिपाई, दुष्काळाने उठलेले लोक, छोट्यामोठ्या टोळ्या असा तो मिश्र प्रकार होता आणि एकच पंथ ही कल्पना कंपनीला सोयीची पडली. सोय कसली, तर हिंदुस्थानी माणसांत काही जण जन्मतःच गुन्हेगार असतात हे एकदा पटलं की कायदा करणं सोपं जातं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. महाराष्ट्रात पारध्यांसारख्या अनेक जमातींना त्याने पिढ्यान्‌पिढ्या हजेरी आणि तारेचं कुंपण दिलं. तो १९५२ मध्ये रद्द झाला. हा सगळा दोष एका कादंबरीवर टाकणं अन्यायाचं ठरेल. पण ठग जन्मतःच ठग असतो हे लंडनच्या दिवाणखान्यांत पोचवण्याचं काम अमीर अलीने चोख केलं. गंमत म्हणजे कादंबरीतला अमीर अली स्वतः जन्माने ठग नाहीच, तो वाढवल्यामुळे ठग झालेला आहे. एवढं बारीक कोण वाचतो?

टेलरने १८४० मध्ये टिपू सुलतानावर कादंबरी काढली आणि लंडनच्या ‘टाइम्स’चा हिंदुस्थानातला बातमीदार बनून परत आला. ते काम त्याने १८५३ पर्यंत केलं.

१८४१ मध्ये त्याला सुरपूरला पाठवलं. हे सध्या कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात आहे. बेरड नायकांचं छोटं संस्थान, गादीवरचा राजा व्यंकटप्पा अजून लहान पोर आणि दरबारात वारसा, कर्ज, कारस्थानं यांचा गुंता. टेलरने बारा वर्षं तिथला कारभार पाहिला. तलाव बांधले, रस्ते केले, फावल्या वेळात आसपासच्या महापाषाणी दफनांची मोजमापं घेतली. दख्खनच्या पुरातत्त्वात हे काम आजही सांगितलं जातं. छोटा व्यंकटप्पा त्याला अप्पा म्हणायचा.

१८५३ च्या करारात निजामाकडून वऱ्हाड आणि इतर काही भाग कंपनीकडे आले. त्यातला नळदुर्गचा जिल्हा टेलरला मिळाला. म्हणजे आजचा धाराशिव परिसर. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच राहायचा. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल ज्यांनी पावसाळ्यात पाहिलाय त्यांना या माणसाचा हेवा वाटेल. जमीन मोजणी, सारा ठरवणं, रस्ते अशी कामं त्याने इथे केली. तुळजापूर त्याच्या मनात तेव्हापासून घर करून बसलं. आत्मचरित्रात तो लिहितो की लोक आपल्या नावाने महादेवबाबा की जय करायचे. मेडोजचं महादेव झालं असणार.

१८५७ पेटलं तेव्हा त्याला खान्देशाला लागून असलेल्या वऱ्हाडात, बुलढाण्याला पाठवलं. हाताशी फौज जवळजवळ नाही. तरी त्या भागात मोठा उठाव झाला नाही. टेलरने याचं श्रेय आपल्या ओळखीपाळखीला दिलंय. ते कितपत खरं यावर वाद घालता येईल.

घरचा घाव दुसरीकडून आला. १८५८ च्या फेब्रुवारीत सुरपूरच्या व्यंकटप्पाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो हैदराबादला पळाला, पकडला गेला, खटला चालला. टेलर त्याला तुरुंगात भेटायला गेला. ज्या पोराला मांडीवर बसवलं तो बेड्यांत समोर उभा होता. टेलर सरकारचा माणूस, त्यामुळे साथीदारांची नावं काढून घेणंही त्याच्याकडे आलं. व्यंकटप्पा रडला, पण नावं सांगितली नाहीत. फाशी होणार असेल तर चोरासारखं लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच त्याने मागितलं. इथे टेलरच्या दोन आयुष्यांची गाठ पडते. माफीच्या बदल्यात शेकडो नावं सांगणारे ठग त्याने ऐकले होते आणि एक शब्द न बोलणारा हा चोवीस वर्षांचा पोरगा आता समोर होता. कादंबरी मात्र त्याने पहिल्यांवर लिहिली होती.

फाशी टळली. शेवटी चार वर्षं कैद आणि मग संस्थान परत देण्याचा विचार, इथपर्यंत शिक्षा खाली आली. पण कैदेच्या ठिकाणी नेत असताना वाटेतल्या मुक्कामात सोबतच्या ऑफिसरच्या पिस्तुलाची गोळी लागून व्यंकटप्पा गेला. त्याने ती स्वतःच झाडून घेतली असं मानलं गेलं. टेलर यात एक विलक्षण भर घालतो. राजा लहान असतानाच एका ज्योतिषाने पत्रिका मांडून तो चोविसाव्या वर्षी जाईल असं सांगितलं होतं आणि हे टेलरला तेव्हापासून माहीत होतं. ठगांचे सगळे देवी-शकुन अंधश्रद्धा म्हणून लिहिणारा हा माणूस ही पत्रिका मात्र गंभीर चेहऱ्याने नोंदवतो.

सुरपूर पुन्हा काही काळ त्याच्या ताब्यात आलं, मग निजामाकडे गेलं. १८६० मध्ये टेलर तब्येत खचून हिंदुस्थान सोडून गेला आणि आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ राहिला. तिथे त्याने बाकीच्या कादंबऱ्या लिहिल्या. १८६३ मध्ये आलेली ‘तारा’ तुळजापूरच्या एका शास्त्र्याच्या विधवा मुलीची आहे. काळ शिवाजी महाराज आणि अफझलखानाच्या भेटीचा आणि ताराचं प्रेम जुळतं ते खानाच्या मुलाशी. ‘सीता’ १८५७ वर आहे आणि तिच्यात एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो. टेलरची स्वतःची बायको हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी आणि पामर यांची आई मुसलमान बेगम. त्यामुळे असा विषय त्याला परका नव्हता. ‘तारा’ त्याची जास्त चांगली कादंबरी आहे असं म्हणणारे बरेच आहेत, पण नाव राहिलं ते ठगाचंच.

१८७५ मध्ये तो शेवटचा हैदराबादला आला. नजर जवळजवळ गेली होती आणि इथे आल्यावर तब्येत आणखी ढासळली. परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंटन गावी १३ मे १८७६ रोजी तो वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी मुलीने छापून घेतलं आणि चांदबिबीवरची कादंबरी १८७८ मध्ये आली. सुरपूरच्या टेकडीवर त्याने बांधलेला बंगला अजून उभा आहे. तिथले लोक त्याला टेलर मंजिल म्हणतात.